दत्तराव सरांची जपानी चूल

दत्तराव सर माशाला रंधा मारत होते, तेव्हा माझी त्यांची खरी ओळख झाली.

तोवर ते माझे नुसते शेजारी आणि शाळेतले सहकारी होते. झरीच्या शाळेत मी नवी. ते गणित-विज्ञानाचे जुने सर, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या अंगणाला लागून माझं भाड्याचं घर, मधे छातीएवढी भिंत. एका रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना भिंतीवरून बघते, तर सर उकिडवे बसलेले, सुताराचा रंधा उलटा धरलेला आणि त्याच्या पात्यावर एक काळपट लाकडाची ढपली घासायलेत. खाली परातीत गुलाबीसर, पातळ कीस पडायलाय.

"सर, सुतारकी कधीपासून?" मी विचारलं.

सरांनी आधी घराच्या दाराकडं बघितलं, मग ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला मॅडम. मासा हाय."

मला वाटलं, निवृत्ती जवळ आली की माणसाचं असं होत असेल. पण सरांनी ती ढपली भिंतीवरून माझ्या हातात दिली. दगडासारखी टणक, आणि वास धुराचा, थोडा समुद्राचा. कोकणात कुपा म्हणतात त्याच्या जातीचा मासा. उकडून, धुरी देऊन, महिनोन् महिने वाळवून त्याचं असं लाकूड करतात. हे लाकूड किसायचं, गरम पाण्यात टाकायचं आणि गाळून घ्यायचं. जपानी स्वयंपाकाचं सगळं घर या पाण्यावर उभं, असं सर म्हणाले. रंधा मात्र झरीच्याच सुताराचा होता.

"पण हळू कामून बोलायचं?"

"त्ये निराळं प्रकरण हाय," सर म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

ते प्रकरण मला कळायला पुढं बरेच दिवस गेले. आधी सरांच्या घरचा नेम सांगते. सरूकाकू, म्हणजे सरांच्या बायको, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. सर मात्र खाणारे. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांची रीतही ठरलेली आहे. खाणाऱ्यानं अंगणात तीन दगड मांडायचे, आपली भांडी निराळी ठेवायची, शिजवायचं, खायचं, घासायचं, अंघोळ करायची आणि मग उंबरा ओलांडायचा. सरांच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली अशी चूल होती. भिंतीतल्या देवळीत त्यांची कढई, जाळी, उलथणं आणि हा रंधा. काकू त्या कोपऱ्याकडं फिरकतसुद्धा नसत. अंगण झाडतानाही त्यांचा खराटा तिथं येऊन वळायचा.

दोघांत भांडण म्हणाल तर बिलकुल नव्हतं. मासळीच्या दिवशी सर अंगणात एकटे जेवायचे, काकू आत एकट्या. बास, एवढंच.

सरांची मुलगी वर्षा जपानात एका बंदराच्या गावी नोकरीला. तिच्या बाळंतपणाला दोघंही गेले होते, सर उन्हाळ्याच्या सुट्टीला रजा जोडून. जन्मभर दुधना नदीपलीकडं पाणी न बघितलेला हा माणूस थेट समुद्राच्या काठी जाऊन बसला. शेजारी सातो नावाची एक म्हातारी राहायची. तिला मराठी येत नव्हतं, सरांना जपानी येत नव्हतं आणि दोघांनाही गप्प बसायची सवय नव्हती. मग म्हातारीनं सरांना स्वयंपाकघरात नेलं. आल्यावर सर तिच्याबद्दल असे बोलायचे, जशी काही ती पेडगावची मावशी होती.

तिच्याकडून सरांनी एक वेड आणलं. जे ज्या दिवसांत चांगलं, ते त्याच दिवसांत खायचं. "म्हातारी म्हणायची, मासा बाराही महिने मिळंल, पण त्याचे दिवस येतात एकदाच," असं सर सांगत. म्हातारी असं नेमकं म्हणाली का, हे सरांना कसं कळलं, ते विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तुमी मराठी शिकवता, तरी पोरांना कळतंय का? अन् आमाला भाषा नसून कळत होतं."

परभणीच्या बाजारात बर्फातून समुद्राची मासळी येते. तिथले बशीरभाई सरांचे दोस्त. सर सुरमईच्या गालफडात बोट घालून कल्ले बघायचे, डोळ्यात डोळे घालायचे आणि हुंगायचे. शेवटी बशीरभाईच वैतागून म्हणायचे, "सर, आज मत लेव. परसों ताजा आताय." पावसाळ्यात तर सर समुद्राचं नावच घेत नसत. होड्या बंद, मासळी अंड्यावर, त्या दिवसांत खाणं म्हणजे पेरणीचं बी दळून खाणं, असं त्यांचं म्हणणं. वर्गातही हेच. ज्वारीचं पहिलं कणीस आलं की सर ते वर्गात घेऊन यायचे, पोरांच्या नाकाखाली फिरवायचे आणि मग फळ्यावर त्रैराशिक मांडायचे. पोरांना त्रैराशिक किती कळलं ठाऊक नाही, पण कणसाचा वास सगळ्यांना आठवत असणार.

सरांच्या हातची जपानी मासळी मी पहिल्यांदा खाल्ली ती हुरड्याच्या दिवसांत. सरांच्या शेतात आम्ही शाळेतले सगळे हुरड्याला गेलो होतो. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कणसं भाजून चोळून झालेली, तिळाची चटणी, गूळ, दही, सगळं रीतसर. सगळे हात झटकून उठायला लागले तसे सर म्हणाले, "बसा. जाळ आता कुठं कामाचा झालाय." आणि डब्यातून बांगडे काढले.

बांगड्यांना नुसतं मीठ चोळलेलं. हळद नाही, तिखट नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी तोंड वाकडं केलं. "सर, मसाला विसरलात का?"

"थंडीत बांगड्याला आंगचं तेल असतंय. त्याला मसाला कशाला? श्रीमंताला कर्ज द्यायचं का?"

निखाऱ्यावर जाळी ठेवून सर उकिडवे बसले. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. स्वयंपाकाला बसताना ते नेहमी घड्याळ काढत. कुणी उलटवू का म्हणलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "थांबा, त्येचं त्येला होऊ द्या." बांगड्याची कातडी फुगली, तेल निखाऱ्यावर पडून चरचरलं, मग त्यांनी तो एकदाच उलटवला. पळसाच्या पानावर आडवा ठेवला, तोंड डावीकडं. पुढं उजव्या हाताला पांढऱ्या मुळ्याचा कीस, पाणी पिळून, त्यावर लिंबू.

"तोंड डावीकडंच का?" कुणीतरी विचारलं.

"तुमी मीठ-लिंबू डावीकडं वाढता का न्हाई? भाजी उजवीकडं वाढता का न्हाई? मग माशाला काय घरदार न्हाई?"

मी घास घेतला. खरं सांगते, मी लहानपणापासून मासे खाते, पण माशाला स्वतःची चव असते हे मला त्या दिवशी कळलं. मी काही बोलणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला. "बोलू नका. खा." कौतुक ऐकायला त्यांना आवडायचं नाही. ते तुमच्या तोंडाकडं टक लावून बघायचे आणि मग समाधानानं स्वतःचं पान पुढं ओढायचे. मसाल्याची चौकशी करणारे मुख्याध्यापक दुसरा बांगडा मागून खात होते.

वाढण्याच्या बाबतीत मात्र सरांची लय पंचाईत व्हायची. जपानी रीत म्हणजे इवल्या इवल्या वाट्या. एकीत दोन घास मासा, एकीत काकडी, एकीत सार. आणि मराठवाड्यातला माणूस एवढंसं वाढणार कसा? पाहुणा म्हणायचा, घरात दुष्काळ पडलाय. सरांनी तोडगा काढला. वाट्या जपानी ठेवल्या आणि आग्रह झरीचा. वाटी रिकामी दिसली की पळी आलीच. त्यांनी एकदा सातो म्हातारीलाही असंच वाढलं होतं म्हणे. तिच्या रीतीत वाढलेलं टाकणं म्हणजे अपमान, आणि आपल्या रीतीत रिकामं ताट म्हणजे अजून भूक. ती संपवत गेली, हे वाढत गेले. शेवटी वर्षानं येऊन दोघांना सोडवलं. "म्हातारी दोन दिस नुसत्या च्यावर होती," सर सांगायचे, आणि सांगताना त्यांचे कान लाल व्हायचे.

आणि तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, गोष्ट तर मी अजून माहेरी सांगते. तिकडं वसंतात लेकीबाळींच्या सणाला शिंपल्यांचं सार करतात. एका शिंपल्याची दोन झाकणं एकमेकांनाच बसतात, दुसऱ्या कुठल्या झाकणाला बसत नाहीत, म्हणून पोरीला जोडीदार तसा मिळो, अशी भावना. सरांना ही गोष्ट फार आवडलेली. त्यांनी बशीरभाईंच्या मागं लागून लागून मुंबईहून रेल्वेनं तिसऱ्या मागवल्या. चैत्राचं ऊन, गाडीला उशीर. चुलीवर पाणी उकळलं, तिसऱ्या टाकल्या. शिजल्या की त्या उघडतात. नाही उघडली ती मेलेली, फेकून द्यायची. आम्ही सगळे पातेल्यात डोकावून बसलो. सर म्हणाले, "त्येचं त्येला होऊ द्या." बराच वेळ झाला. एकसुद्धा उघडेना. पाणी आटायला आलं, सर पुन्हा म्हणाले, पण आता आवाज बारीक झाला होता. शेवटी सगळं पातेलं उकिरड्यावर गेलं. गल्लीतलं कुत्रं आलं, त्यानं हुंगलं आणि सरळ पुढं गेलं. काकूंनी आतून बघितलं होतं. त्यांनी उंबऱ्यावर पिठल्याचं भगुलं आणून ठेवलं.

त्या दिवशी पिठलं खाताना सर एकदम म्हणाले, "मॅडम, तिथं अंगण नव्हतं."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. वर्षाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक टेबल. काकूंनी तिथं नेम सैल केला होता. परदेशात इलाज नाही म्हणाल्या. सरांची मासळी आणि काकूंचा दहीभात एकाच टेबलावर. "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अन् मासळीच्या दिशी ही माझ्यासमोर बसून जेवली ती तिथंच. बोलत बोलत जेवायचो. इथं आलो अन् पुन्हा ती आत, मी बाहेर." त्यांनी भाकरी मोडली. "मला मासळीचं एवढं न्हाई हो. कुणाला सांगू नका, पण एकट्यानं खायला लय जड जातंय."

हसरा, बडबड्या माणूस असं काही बोलला की आपल्याला पाणी प्यावं लागतं. मी प्यायले.

आता ते निराळं प्रकरण. सातो म्हातारी रोज वाटीभर सार आणून द्यायची. नितळ, सोनेरी, त्यात सोयाबीनच्या पनीरचे तुकडे. काकूंना ते फार आवडलं. वर्षा तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्यात, सांगायला कुणी नाही. सर म्हातारीकडं शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ते लाकूड बघितलं. तोवर काकूंच्या पोटात पंधरवडाभर सार गेलं होतं. म्हातारी किसताना काकूंनीही एकदा बघितलं होतं. त्यांना वाटलं, दालचिनीसारखी कसल्या तरी झाडाची साल असेल. सर गप्प बसले. घरी जाऊन सार बंद करवलं, आपल्याला पित्त होतंय असं काहीतरी निमित्त सांगून. पण खरं सांगितलं नाही.

आणि झरीला परत आल्यापासून काकू त्या साराचं नाव घेत होत्या. सर त्यांना वर्षानं पाठवलेल्या समुद्राच्या नुसत्या शेवाळाचं सार करून द्यायचे. काकू चव घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय. पण तिथल्यासारखं न्हाई."

मी सरांना म्हणाले, सांगून टाका. ते म्हणाले, "माळ मोडली असं वाटंल तिला. झोप लागायची न्हाई तिला." मला तेव्हा ते खरं वाटलं होतं.

एका द्वादशीला काकूंनी भजनातल्या बायकांना पारण्याला बोलावलं. मीही मदतीला होते. आत बायकांचे टाळ, बाहेर अंगणात सर निराळ्या शेगडीवर, नव्या भगुल्यात शेवाळाचं पाणी तापवायलेले, अंघोळ करून, सोवळ्यानं. काकूंनी बायकांना जपानचं सार पाजायचं कबूल केलं होतं. त्या मधेच अंगणात आल्या, पळीनं चव घेतली आणि तोंड बारीक केलं.

"तुमी ती साल टाकतच न्हाईत. देवळीत दिसती मला लांबून. म्हणून चव येईना." आणि ज्या कोपऱ्याला त्यांचा खराटासुद्धा लागला नव्हता, तिथं जाऊन त्यांनी देवळीत हात घातला. ढपली काढली, रंधाही काढला. "धुऊन किसते मी. बायका बसल्यात."

सर पळी टाकून उठले. मी काही करायच्या आत ते म्हणाले, "सरू, ठेव ते. तो मासा हाय."

काकूंनी आधी हातातल्या ढपलीकडं बघितलं, मग सरांकडं. "अन् तिथं जे सार..."

"व्हय. तेच."

काकूंनी ढपली देवळीत ठेवली, रंधा तिच्याशेजारी ठेवला. नळावर जाऊन हात धुतले, बराच वेळ. मग आत गेल्या आणि चिंचेचं सार केलं. बायकांना म्हणाल्या, "जपानचं आज जमलं न्हाई." आग्रह करून करून वाढलं. एका शब्दानं कुणाला काही कळू दिलं नाही. शेवटची बाई गेल्यावर त्या उंबऱ्यात बसल्या.

"नकळत गेलं ते पांडुरंग बघंल. त्येचं मला भ्याव न्हाई. पण तुमाला कळत होतं. तुमी मला येडी करून ठिवली. मी साऱ्या गावाला त्या साराचं गुणगान सांगत फिरले, अन् तुमी ऐकत बसले."

सर उभे होते, मान खाली. मला सरांचा राग आला, आणि कीवही आली. दोन्ही एकदम.

पुढं काही दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती. काकू वेळेवर वाढायच्या, वेळेवर चहा द्यायच्या, पण शब्द नाही. सर शाळेत त्रैराशिक चुकले. अंगणातली चूल गार पडली. बशीरभाईंचा निरोप आला, पापलेट लय उमदा आलाय म्हणून. सरांनी उत्तरच धाडलं नाही.

मग एक दिवस काकूंनी निकाल दिला. भिंतीवरून मलाही ऐकू येईल इतक्या आवाजात दिला. "उद्यापासून आंघोळ करून माझ्या सैपाकघरात यायचं. माझ्या भांड्यात, माझ्या चुलीवर, तिथल्यासारखं सार करायचं. माशाबिगर. जमंस्तोवर सुटका न्हाई."

सरांनी मग जे काही केलं, ते बघण्यासारखं होतं. वर्षाला फोन, तिनं सातो म्हातारीला विचारलं. तिकडच्या मठातले साधूही मासे खात नाहीत, त्यांचंही सार असतंच की. शेवाळ, वाळकी अळिंबी आणि भाजलेलं सोयाबीन. सोयाबीन म्हटल्यावर सरांना हसू आलं. झरीच्या शिवारात सगळीकडं तेच, आणि घरात खातं कोण? शेतातलं सोयाबीन आणून काकूंच्या तव्यावर मंद भाजलं. काकूंच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात हा माणूस घड्याळ काढून, टॉवेल खांद्यावर टाकून उभा. काकू पाटावर बसून नुसत्या बघायच्या. रोज संध्याकाळी मला भिंतीवरून एकच शब्द ऐकू यायचा, "न्हाई." पण रोज त्या 'न्हाई'नंतर आणखी काहीतरी बोलणं सुरू व्हायचं. मीठ, जाळ, वर्षाचं बाळ, शेतातली तूर. बोलणं लांबत गेलं. माझ्या मते सार मागंच जमलं होतं. काकू काही कबूल करायच्या नाहीत.

त्या हिवाळ्यात माझी मानवतला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधत होते. दिवस मावळतीला आलेला. शेजारच्या अंगणात धूर निघाला, कितीतरी दिवसांनी. मी भिंतीशी गेले. लिंबाखाली तीच चूल, जाळीवर बांगडा, सर पळसाच्या पानावर मुळा किसायलेले. एकटेच. मला वाटलं, चला, सगळं पुन्हा होतं तिथं आलं.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. एका हातात पाट, एका हातात ताट, त्यात भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीत सोनेरी सार. सर उठायला लागले. "बसा," काकू म्हणाल्या. त्यांनी सरांच्या मागं पाट टाकला आणि चुलीकडं, माशाकडं, सरांकडं पाठ करून बसल्या. "मी तिकडं बघणार न्हाई. तुमी खा."

सर पुन्हा खाली बसले. दोघं पाठीला पाठ लावून जेवायला लागले. काकू तुळशीकडं बघत सांगत होत्या, वर्षाचा फोन आला होता, बाळ आता पळायला लागलंय. सर चुलीकडं बघत हूं हूं करत होते. मग सरांना एकदम ठसका लागला. हातातला घास खाली ठेवून ते घसा धरून बसले.

"काय झालं?"

"काटा," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कोरडा घास गिळा," काकू म्हणाल्या. आणि मागं न बघता, आपल्या ताटातल्या भाकरीचा चतकोर मोडून त्यांनी तो खांद्यावरून मागं धरला.